गोजराबाईची बांधणी

बेटेगावला प्रियदर्शिनीताईंच्या घरी दर रविवारी दुपारी चार माणसं जेवणाच्या टेबलाभोवती बसत आणि जेवण सोडून बाकी सगळं करत. लढाया करत, गड चढत, दरोडेखोरांशी तह करत. चौघांतला एक गोष्ट सांगे आणि उरलेले तिघं एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरत. ‘मी दार ढकलतो’ किंवा ‘मी झुडपामागे लपते’ असं तोंडानं म्हणायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. प्रत्येक पात्राची ताकद, चपळाई, अक्कल एका कागदावर आकड्यांत मांडलेली असे. आकडे चांगले असले की फाशाला जोर चढे, वाईट असले की फासाही मान टाके. नियमांचं पुस्तक विटेएवढं जाड होतं, आणि चौघांत ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली एकटी रुचिता होती.

रुचिता तांडेल दातिवऱ्याची, मासेमारी करणाऱ्या घरातली. बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ती नमुने तपासायची आणि दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. गोष्ट सांगायचा तो इंद्रजीत. त्याचे वडील यवतमाळकडून तारापूरच्या वीज केंद्रात नोकरीला आले आणि तो इथल्या कॉलनीतच वाढला. आता घरी बसून पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचं काम करायचा. केतनचं नवापूर रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. प्रियदर्शिनीताई पालघरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि वयानं सगळ्यांत मोठ्या होत्या, म्हणून भांडण लागलं की चहा त्याच टाकायच्या.

रुचिताच्या पात्राचं नाव ठमी. ठमी भालाईत होती. नाव ऐकून हसणारा माणूस पहिल्या लढाईतच गप्प व्हायचा. लांब भाला असला की दोन पावलं दूरच्या माणसालाही मारता येतं, हा पुस्तकातला एक नियम. कुणी टप्प्यात शिरलं की आपला डाव नसतानाही वार करता येतो, हा दुसरा. आणि असा वार बसला की समोरचा जागच्या जागी थिजतो, हा तिसरा. तो पुस्तकाच्या पार शेवटी, कुणी फिरकत नाही अशा पानावर. तिन्ही नियम साधेसुधे, पण रुचितानं ते एकात एक असे विणले की ठमीच्या अंगाला हात लावणं कुणाला जमेना. राक्षस यायचे आणि भाल्याच्या टोकाशी थांबायचे.

इंद्रजीत तिला ‘गणितबाई’ म्हणायचा. सुरुवातीला कौतुकानं, मग कंटाळून.

त्यानं वर्षभर एक राजा रचला होता. भैरवसेन, काळ्या गडाचा धनी. त्याचं बालपण, बापाकडून त्याला झालेला दगा, त्याची एकटेपणाची व्यथा, सगळं. गोष्ट अशी ठरली होती की राजा भर दरबारात या तिघांसमोर येईल, एक लांबलचक भाषण करील आणि तिघांना कैद करील. पुढचे दोन-तीन महिने मग तुरुंगातून सुटायची धडपड. भाषण त्यानं छापून आणलं होतं, चांगलं चार पानी.

त्या रविवारी तो उभा राहिला, आवाज खाली आणला आणि वाचायला लागला. “राजा सिंहासनावरून उतरतो. एकेक पायरी. तो तुमच्या दिशेनं चालत येतो. त्याच्या डोळ्यांत...”

“किती जवळ आला?” रुचितानं विचारलं.

“अगदी जवळ. ठमीच्या समोर.”

“म्हणजे भाल्याच्या टप्प्यात आला.” तिनं फासा उचलला आणि टाकला.

फासा टेबलावरून घरंगळत चहाच्या कपाला आपटून थांबला. वीस. याहून मोठा आकडा त्या फाशावर नव्हता. मग तिनं जखमेचे फासे टाकले, बेरीज केली, इंद्रजीतच्या समोरच्या कागदावर राजाचा जीव किती आहे ते तिला उलटं दिसतच होतं. राजा पुरता मेला होता, वर थोडा वारही शिल्लक उरला होता.

केतन हसायला लागला. मग इंद्रजीतचा चेहरा बघून थांबला.

“नाही,” इंद्रजीत म्हणाला. “भाला आरपार गेला. ती नुसती सावली होती. जादूची.”

“कधीपासून?”

“आत्तापासून.”

आणि मग त्यानं भराभरा बाकीचं सांगून टाकलं. मागून पहारेकरी आले, तिघांना बांधलं, अंधारकोठडीत टाकलं. ठमीचा भाला मोडला. आणि राजानं शिक्षा म्हणून तिचा उजवा हात खांद्यापासून तोडला. हे सगळं होईपर्यंत टेबलावर एकही फासा पडला नाही.

“फासा टाक,” रुचिता म्हणाली.

“कशासाठी?”

“हात तोडायचाय ना? टाक फासा. तू जिंकलास तर घे हात. मी चकार शब्द काढणार नाही.”

“गोष्टीची गरज आहे ती, रुचिता. प्रत्येक ठिकाणी फासे नसतात. तुला गोष्ट कळतच नाही. तुला फक्त जिंकायचं असतं.”

“हो, जिंकायचं असतं. त्यात वाईट काय आहे?”

ताई चहा टाकायला उठल्या. जाता जाता त्यांनी रुचिताच्या खांद्यावर हात ठेवला. “अगं, कमकुवत माणूस खेळण्यातच खरी गंमत असते. माझी चंद्रलेखा बघ, आगीला घाबरते. दर लढाईत पळते. पण म्हणून तर ती खरी वाटते.”

“ताई, कमजोर मी सोमवार ते शनिवार असतेच,” रुचिता म्हणाली. “साहेबांपुढे असते, गाडीत असते, घरमालकापुढे असते. रविवारी परत कशाला होऊ?”

तिनं ठमीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. “ठमीचा हात तुटलेला नाही. ती तुझ्या गोष्टीतून निघून गेली,” ती इंद्रजीतला म्हणाली आणि चहा न घेताच जिना उतरली.

पुढच्या रविवारी ती बेटेगावला गेलीच नाही. सफाळ्याहून एसटी पकडून दातिवऱ्याला घरी गेली. तिची आई येसूबाई अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती आणि वडील वामन ओसरीवर जाळं शिवत बसले होते.

“काय गो, आज कशी आलीस?” आईनं विचारलं. “तुझा तो रविवारचा खेल बंद झाला का?”

“बंद नाही झाला, आये. मीच गेले नाही.”

मग आईबरोबर बोंबील लावता लावता तिनं सगळं सांगितलं. फासे, भाला, राजा, सावली. आईचे हात चालू होते. बोंबलाच्या जोड्या एकमेकांच्या जबड्यात अडकवायच्या आणि बांबूवर टाकायच्या. तिला अर्धं कळलं असेल, नसेल.

“मंजे तुझ्या भाल्यानं तो राजा मेला.”

“मेला.”

“आनि तो पोऱ्या बोलतो, नाय मेला.”

“हो.”

“खेल हाय तो, येसू,” वामन ओसरीवरून म्हणाले. “खेलावरून कोन भांडते?”

“तुमी बोलू नका. पत्त्यांत कोनी पान लपवला तं तुमी बोट सोडून भांडायला बसता.” मग ती रुचिताकडे वळली. “मला एक सांग. भांडन त्यानं केला, आनि घरा तू येऊन बसलीस. हा कुठला न्याय?”

“मग काय करू? तिथं जाऊन माफी मागू?”

“माफी कोन मागायला सांगते? बाजारात मी चार दिवस गेले नाय तं माझ्या जागेवर दुसरीची टोपली येऊन बसते. मग उठवायला किती तोंड वाजवावा लागते. जागा सोडू नये, बाय. जा आनि बस आपल्या जागेवर. हसली तं हसूदेत.”

रुचिताला आईचा थोडा रागच आला, कारण सांगायला आलेली माणसं बहुधा समजूत काढून घ्यायला आलेली असतात. पण परत जाताना गाडीत तिच्या मनात तेच घोळत राहिलं. ठमीला तिनं वाचवलं होतं खरं. पण टेबल इंद्रजीतला देऊन टाकलं होतं.

पुढच्या रविवारी ती वेळेआधी जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.

इंद्रजीत आला, तिला बघून क्षणभर दारातच थांबला. त्यालाही दोन आठवडे चैन पडलं नसावं, पण तो मागे हटणाऱ्यांतला नव्हता. “खेळायचं असेल तर नवीन पात्र,” तो म्हणाला. “आणि या वेळी तू आकडे निवडायचे नाहीत. सगळ्यांसमोर फासे टाकायचे. जो आकडा जिथं पडेल, तो तिथंच. फिरवाफिरवी नाही. मग बघू तुझं गणित.”

“चालेल,” रुचिता म्हणाली. “पण माझीही एक अट आहे. पुस्तकात लिहिलेलं तू मध्येच बदलायचं नाहीस. ‘आत्तापासून’ हा शब्द या टेबलावर परत यायचा नाही. आणि ज्याचा जीव जाईल तो फासा टाकूनच जाईल. माझाही.”

“कबूल.”

“केतन, ऐकलंस ना?”

“ऐकलं बुवा,” केतन म्हणाला.

तिनं फासे टाकले. साध्या धडधाकट माणसाचा आकडा दहा धरतात. ताकदीला पाच आले. चपळाईला सहा. दमाला चार, तेव्हा केतननं कपाळावर हात मारला. अक्कल सात, नजर सहा, आणि रुबाबाला नऊ. तोच सगळ्यांत मोठा.

“ही बाई गडाचा जिना चढतानाच मरणार,” केतन म्हणाला.

इंद्रजीत हसला, पण वाईट हसला नाही. त्याला खरंच वाटत होतं की आता हिला खेळ कळेल. “छान म्हातारी आहे. खोकला असेल तिला. नजर कमी असेल. आता खेळ तिचं दुखणं.”

“गोजराबाई,” रुचितानं कागदावर नाव लिहिलं. “आठवडाभर द्या मला.”

त्या आठवड्यात तिनं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. मोबाइलवर त्याची पानं होती. कॅन्टीनमध्ये ताट पुढ्यात घेऊन वाचायची, कंपनीच्या बसमध्ये वाचायची, सरावली पोलीस चौकीपाशी ट्रॅफिक तुंबलं की तिला आनंदच व्हायचा. आधी दोन दिवस तिनं नेहमीच्या वाटेनं शोधलं. तलवार? पाच ताकदीला तलवार पेलत नाही. धनुष्य? सहाच्या नजरेला समोरचा दिसत नाही. मंत्र? मंत्राला अक्कल लागते, आणि अक्कल सात. प्रत्येक वाट फाशापाशी येऊन थांबत होती. फाशाला आकड्याचं बळ लागतं आणि गोजराबाईजवळ बळच नव्हतं.

बुधवारी प्रयोगशाळेत एका नमुन्याचा रंग बदलायची वाट बघत ती उभी होती. आणि एकदम तिच्या लक्षात आलं की आपण प्रश्नच उलटा विचारतोय. फासा टाकल्यावर जिंकणारी बाई हवी कशाला? जिला फासा टाकावाच लागत नाही अशी बाई हवी. पुस्तकात असे नियम होते का, की जिथं ‘फासा टाका’ असं म्हटलेलंच नाही? जिथं नुसतं ‘असं होतं’ एवढंच लिहिलंय?

होते. विखुरलेले होते, आणि कुणी घेत नाही असे होते, कारण त्यात स्वतःला काहीच मिळत नाही. सुईणीचा आशीर्वाद: ज्याला द्याल त्याच्या फाशात भर पडते. जुन्या जाणत्या माणसाचा धीर: त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांना भीती वाटत नाही. ताईत: साथीदाराचा वाईट पडलेला फासा एकदा परत टाकता येतो. आणि सगळ्यांत शेवटी, एका परिच्छेदाच्या खाली दोन ओळी: आपला डाव आपण न खेळता दुसऱ्याला देता येतो. या कशालाही ना ताकद लागत होती, ना अक्कल. म्हातारी खोकत एका जागी उभी राहिली तरी पुरे.

नमुन्याचा रंग कधीच बदलून गेला होता. तिला तो परत लावावा लागला.

रविवारी इंद्रजीतनं गोजराबाईचा कागद वाचला, पुस्तकाची पानं उलटून एकेक नियम ताडून बघितला आणि कागद परत दिला. “हिच्याकडे साधी काठीसुद्धा नाही.”

“नाही.”

“लढणार कशी?”

“ती नाही लढणार.”

अंधारकोठडीतल्या पहिल्याच चकमकीत केतनचा चोर, जो आजवर दर वेळी घसरून पडायचा, त्यानं दोन पहारेकरी लोळवले. गोजराबाईनं त्याला आशीर्वाद दिला होता आणि आपला डावही. केतन खुर्चीत सरसावून बसला. त्याच्या पात्राला कुणी कधी पराक्रमी म्हटलं नव्हतं, त्यानंही नाही. तीन-चार रविवार असेच गेले. तुरुंगाची भिंत फुटली, जंगल पार झालं, आणि तिघं परत काळ्या गडापाशी आले.

या वेळी इंद्रजीतनं राजाला जवळ आणलंच नाही. भैरवसेन वरच्या सज्जात उभा होता, खाली पहारेकरी, आणि मध्ये जळत्या तेलाचा खंदक. पुस्तकाप्रमाणे सगळं होतं. त्यानं शब्द पाळला होता. पण खंदक बघून ताईंनी नेहमीसारखा कागद खाली ठेवला. “माझी चंद्रलेखा आगीजवळ जाणार नाही. ती मागे राहते.”

“ताई, ती गोजराबाईच्या शेजारी उभी आहे,” रुचिता म्हणाली.

“मग?”

“मग तिला भीती वाटत नाही. नियम आहे.”

ताईंनी इंद्रजीतकडे बघितलं. त्यानं मान हलवली, नाइलाजानं. ताईंनी कागद परत उचलला. चंद्रलेखेचं घर लहानपणी जळालं होतं, आई त्यात गेली होती, हे त्यांनी स्वतःच लिहिलेलं. वर्षभर त्या ते दुःख नीट सांभाळून खेळल्या होत्या. भीतीच्या जागी धीर आला तर ती काय करील, हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.

“ती जाते,” त्या म्हणाल्या. मग खुर्चीवरून उठल्याच. “ती आगीतून जाते. गात जाते.”

फासा टाकला, वाईट पडला. “ताईत,” रुचिता म्हणाली. “परत टाका.” दुसऱ्यांदा पडला तो चांगला होता, त्यात आशीर्वादाची भर पडली आणि चंद्रलेखा पलीकडे पोचली. पहारेकऱ्यांना चुकवत तिनं वर चढून खंदकापलीकडे दोर फेकला. केतनचा चोर दोरावरून सज्जावर चढला, आणि तेव्हाच राजा वळून म्हणाला, “थांबा. मरण्याआधी ऐका...”

“केतन, हा माझाही डाव तुलाच,” रुचिता म्हणाली.

केतननं दोन डाव खेळले. पहिला वार चुकला. दुसरा बसला, आणि तोही असा बसला की बेरीज करायची गरजच पडली नाही.

इंद्रजीतच्या हातात तीच चार पानं होती, आता कडेनं चुरगळलेली. भाषणाचं पहिलंच वाक्य त्याच्या तोंडातून निघालं होतं. रुचितानं त्याच्याकडे बघितलं. या खेपेला ती काही विचारणार नव्हती, पण विचारल्यासारखंच झालं.

“मेला,” इंद्रजीत म्हणाला. “राजा मेला.”

त्यानं फासे थैलीत भरले, पुस्तक उचललं आणि काम आहे म्हणून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. केतन म्हणाला, “एक फोन कर ना. सॉरी म्हणून टाक, विषय संपेल.”

“कशाबद्दल?”

“अगं, म्हणजे... असंच.”

“असंच सॉरी मी म्हणत नाही, केतन.”

ताईंनी मात्र तिला चांगलंच सुनावलं. “त्यानं वर्षभर जपलेला राजा होता तो. तू जिंकलीस, नियमात जिंकलीस, सगळं खरं. पण समोर माणूस बसलाय हेही खरं.”

खोलीवर आल्यावर रुचिता खाटेवर बसली. आपण चुकलो असं तिला वाटत नव्हतं, आणि त्या चुरगळलेल्या पानांचं वाईट वाटत नव्हतं असंही नाही. तिनं मोबाइल घेतला आणि लिहिलं: ‘माफी मागत नाही. पण राजा मेला म्हणून तुझी गोष्ट मेली असं मला वाटत नाही. मला ती पुढची ऐकायचीय. नीट लढणारं कुणीतरी आण. रविवारी ये.’ दोनदा वाचलं, ‘नीट लढणारं’ खोडावं का असा विचार केला, आणि तसंच पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. निळ्या खुणा तेवढ्या दिसल्या.

रविवारी तिघं जण ताईंच्या घरी नुसतीच बसली होती, आणि चहा होऊन गेल्यावर बेल वाजली. इंद्रजीत आत आला, बसला आणि कुणाकडे न बघता बोलायला लागला. “राजाची आई जिवंत आहे. राजमाता. मुलाचं प्रेत तिनं स्वतः धुतलं. आता ती गडाच्या दारात बसून तुमची वाट बघतेय.” मग त्यानं एक कागद रुचिताच्या पुढे सरकवला. गोष्ट सांगणारा आपला कागद कधी कुणाला दाखवत नाही. “सगळं पुस्तकातलं आहे. तपासून घे.”

रुचितानं तो वाचला. एकदा वाचला आणि मग बोट ठेवत परत वाचला. राजमातेभोवती शांतता होती. त्या शांततेत कुणाचा आशीर्वाद लागत नव्हता, कुणाचा ताईत चालत नव्हता. तिच्याजवळ दिलेला डाव घेणाऱ्याला पोचत नव्हता. एकेक नियम साधा, पण एकात एक असे अडकवलेले की मध्ये सुरी शिरायलाही जागा नाही. रुचितानं फट शोधली. परत शोधली. सापडली नाही.

“हे तू केलंस?”

“हो. तू नियम एकमेकांत अडकवतेस तसे अडकवत गेलो,” इंद्रजीत म्हणाला. “खरं सांगू? मजा आली. राजाला मी इतका सुंदर लिहिला होता, पण त्याला लढायला शिकवलंच नव्हतं.”

“भारी आहे,” रुचिता म्हणाली आणि तिनं कागद परत त्याच्याकडे सरकवला.

लढाई तासभर चालली आणि तिघं हरत गेली. चंद्रलेखा जखमी झाली, चोराचा खंजीर पडला. शेवटी दारात गोजराबाई आणि राजमाता समोरासमोर आल्या. गोजराबाई मागे हटू शकली असती. पण तिच्यामागे दोघं जखमी होते आणि त्यांना पळायला एक डाव हवा होता.

“गोजराबाई दारातच उभी राहते,” रुचिता म्हणाली.

इंद्रजीतनं फासा उचलला, पण टाकला नाही. “दम चार आहे तिचा. एक वार बसला तरी संपेल. म्हणशील तर राजमाता तिला कैद करते. मला चालेल.”

“मला नाही चालणार. टाक.”

“रुचिता.”

“म्हातारी स्वतःच्या पायांनी उभी राहिलीय. तिला दया नको. फासा टाक.”

त्यानं टाकला. बसला. गोजराबाई दारात पडली आणि चोर आणि चंद्रलेखा गडाखालच्या जंगलात उतरली. ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग स्वतःलाच हसल्या. केतन म्हणाला, चांगली होती बाई. इंद्रजीत तर जिंकूनही गोंधळल्यासारखा बसला होता.

रुचिताला वाईट वाटलं, पण राग आला नाही. फासा पडला होता, सगळ्यांसमोर पडला होता, आणि त्यावर कुणाचा हात नव्हता. तिनं गोजराबाईचा कागद बाजूला ठेवला, ताईंकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि पेनचं टोपण काढलं.

“या वेळी आकडे फाशांनी काढायचे की तू ठरवणार?” इंद्रजीतनं विचारलं.

“मी ठरवणार,” रुचिता म्हणाली. “आणि तुझ्या राजमातेला सांग, दाराला आतून कडी घालून बस.”